टॉवरवरची तुरुमती

शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करायचं ठरलं की आमच्या मुलांच्या वहीत शाहीन हमखास येतो. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीने वर्षाला निदान आठ-दहा शाहीन तरी तपासलेले असतात. त्यातला अर्धा मजकूर अल्लामा इक्बाल यांच्याकडून आलेला असतो आणि अर्धा मोबाईलवरून. मोबाईलवरच्या शाहीनची आई पिल्लाला उडता यावं म्हणून कड्यावरून ढकलून देते. तोच शाहीन चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, दगडावर आपटून स्वतःची चोच फोडतो, नवी चोच उगवली की पुढे तीस वर्षं जगतो. यातलं काहीही खरं नाही. चोच फुटलेला शिकारी पक्षी उपाशी मरतो आणि सत्तर वर्षं कोणताच ससाणा जगत नाही. पण गोष्ट टाळ्या मिळवते, म्हणून वहीतून वहीत जाते.

इक्बाल यांच्या शाहीनची बात वेगळी. १९३५ साली निघालेल्या ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये त्यांनी शाहीनवर स्वतंत्र कविताच लिहिली आहे. हा पक्षी घरटं बांधत नाही, याला त्यांनी फकिरी म्हटलं. ही गोष्ट मात्र पक्षिशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. ससाण्यांच्या जातीत घरटं विणायची रीतच नाही. शाहीन कड्याच्या कपारीत मातीत छातीने खळगा करतो आणि मादी त्यात अंडी घालते. सह्याद्रीच्या उंच कड्यांवर आजही असे शाहीन आहेत. त्याचाच भाऊ बहिरी ससाणा. तो उत्तरेकडून, पार सैबेरियाकडून, थंडीत आपल्याकडे येतो. ‘बहर’ म्हणजे समुद्र, म्हणून ‘बहरी’. मराठीत त्याचा बहिरी झाला आणि कानाने धडधाकट पक्षी उगाच बहिरा ठरला. इंग्रजांनी याला जे नाव दिलं त्याचा मूळ अर्थ मुसाफिर असा आहे. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेतो. जगात याहून वेगवान प्राणी नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कडे नाहीत. माझी नोकरी शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीला, आणि माहेर दौंडला. एसटीने न्हावऱ्यावरून निघायचं, पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, मग केडगाव-चौफुला, पाटस आणि दौंड. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांदा, कुठे साखर कारखान्याचं धुराडं. माझ्या लहानपणी या वाटेवर माळ बरेच होते. कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आला, रस्ते रुंद झाले तशा कडेच्या जुन्या चिंचा आणि वड गेले. तालुक्यातल्या शिक्रापूरचं नाव बसच्या पाटीवर दिसलं की मला उगाचच शिकरा आठवतो. पण शिकरा सोडला तर शिकारी पक्ष्याची अपेक्षा घेऊन या वाटेने कोणी येत नाही. पक्षी बघायला लोक दौंडच्याही पुढे भिगवणला जातात, उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला.

दौंडला आमचं घर स्टेशनपासून फार दूर नाही. दौंड हे रेल्वेने वाढवलेलं गाव. १८७८ साली मनमाडची लाईन सुरू झाली आणि दौंडचं जंक्शन झालं, तेव्हापासून इथल्या कितीतरी मुसलमान घरांत पगार रेल्वेचाच. अब्बा रेल्वेत होते, समोरचे चाचा फिटर होते. माझ्या भाच्यानेही, म्हणजे भाईजानच्या मुलाने, तिथेच लागावं असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आयटीआय झाल्यावर त्याने रेल्वे भरतीची परीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. त्यानंतर तो दिवसातला बराच वेळ गच्चीवर काढायला लागला. खाली आलं की कोणी तरी काही तरी विचारणार, त्यापेक्षा वर बरं.

त्यानेच २०२५च्या जानेवारीत मला फोन केला. “फुप्पी, टॉवरवर शाहीन बसलाय.”

गच्चीपासून दोन घरं सोडून एक मोबाईल टॉवर आहे. त्याच्या वरच्या भागात लोखंडी पट्ट्यांच्या कोपऱ्यात कावळ्याचं जुनं घरटं होतं, काटक्या आणि तारांच्या तुकड्यांचं. रविवारी गेले तेव्हा त्यात एक पक्षी बसलेला दिसला. आकाराने कबुतराएवढा, डोकं आणि मान विटकरी, पाठ निळसर राखाडी, पोट पांढरं आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. शाहीन नव्हता. ती तुरुमती होती. शाहीनच्याच कुळातली, पण त्याच्याहून पुष्कळ लहान. तिच्या नराला जुने शिकारी चेटवा म्हणत.

इथे थोडं थांबून नावांबद्दल सांगते, कारण उर्दू शिकवणारीला हा मोह आवरत नाही. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी आणि ताकदवान असते. शिकारीसाठी पक्षी पाळणाऱ्यांना तीच हवी असायची. म्हणून या जातींची प्रसिद्ध नावं मादीची आहेत आणि नराला बापड्याला वेगळं, कमी माहीत असलेलं नाव. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. शिकरा मादी, तिचा नर चिपका. लग्गड मादी, तिचा झग्गड. आपण मुलाला ‘बाज बन’ म्हणतो तेव्हा व्याकरणाने त्याला काय बनायला सांगतो, हे वर्गात सांगितलं की मुली फार खूश होतात.

तुरुमती सपाट, मोकळ्या मुलखातली. शेतं, मधून मधून झाडं, जवळ वस्ती असली तरी तिची हरकत नसते. तीही घरटं बांधत नाही. कावळ्याने किंवा घारीने टाकलेलं घरटं घेते. चिंच, आंबा, वड अशी उंच झाडं तिच्या पसंतीची, पण तशी झाडं कमी झाली तिथे तिने लोखंडही चालवून घेतलं. गुजरातेत सौराष्ट्रात मोबाईल टॉवरवरच्या कावळ्यांच्या घरट्यांत तुरुमतीने अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. कावळा उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाशी वीण करतो, तुरुमती थंडीच्या अखेरीस. त्यामुळे जागा रिकामीच असते, भांडण होत नाही.

भांडण झालं ते चाचांशी. चाचांच्या गच्चीवर चाळीसेक कबुतरं आहेत. कबुतरबाजीचा शौक त्यांना लहानपणापासूनचा. तुरुमतीने एकदा त्यांच्या थव्यावरून सूर मारला आणि कबुतरं संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाहीत. चाचांनी गलोल काढली. भाच्याने त्यांना सांगितलं, की हा पक्षी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, १९७२ पासून. चाचांनी कायद्याला काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

कबुतर आणि ससाणा यांचं वैर काही दौंडपुरतं नाही. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत सरकारनेच बहिरी ससाणे मारायचा हुकूम काढला होता, कारण ते विमानदळाची संदेश नेणारी कबुतरं वाटेत पकडत. सुमारे सहाशे ससाणे तेव्हा मारले गेले. युद्ध संपलं आणि त्यांच्यावर त्याहून मोठं संकट आलं ते शेतातून. डीडीटी फवारलेलं धान्य आणि किडे चिमण्या-पारव्यांनी खाल्ले, चिमण्या-पारवे ससाण्यांनी खाल्ले, विष साठत गेलं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ती फुटू लागली. डेरेक रॅटक्लिफ या इंग्रज अभ्यासकाने १९६७ साली जुन्या संग्रहातली अंडी मोजून हे दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व भागात तर तोवर बहिरीची एकही जोडी उरली नव्हती. तिथे १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. मग माणसांनी पिल्लं वाढवून उंच इमारतींवरून आणि कड्यांवरून सोडली. ही सोडायची पद्धत त्यांनी ससाणे पाळणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांकडून घेतली होती. पिल्लू मोकळं सोडायचं, पण त्याच जागी रोज खाणं ठेवायचं, ते स्वतः शिकार करायला लागेपर्यंत. आज न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या पुलांवर, मनोऱ्यांवर बहिरी पिल्लं काढतात आणि लोक खाली दुर्बिणी घेऊन उभे राहतात. उंच इमारत म्हणजे त्यांच्या लेखी कडाच, आणि खाली पारव्यांचं जेवण तयार.

आमच्याकडे दुर्बीण नव्हती. मार्चच्या सुरुवातीला मी शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी दुर्बीण मुख्याध्यापकांच्या परवानगीने नेली. भाच्याने एक दोनशे पानी वही केली होती. भरतीच्या गणितांचीच वही, मागच्या बाजूने सुरू केलेली. तारीख, वेळ, कोण आलं, काय आणलं. मादी घरट्यात, नर बाहेर, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. चेटवा शिकार आणायचा, जवळच्या पाण्याच्या टाकीवर बसून ओरडायचा, मादी उडत येऊन त्याच्याकडून घ्यायची आणि घरट्यात जाऊन तुकडे करायची. चिमण्या, मुनिया, चंडोल. अंडी उबवायला महिन्याहून थोडे जास्त दिवस लागतात. मार्चमध्ये घरट्याच्या कडेवर तीन पांढरी डोकी दिसायला लागली.

२ मार्चला पहिला रोजा होता. शाळा सकाळची, त्यामुळे शनिवारी दुपारी निघून मी इफ्तारला दौंडला पोचत असे. गच्चीवर अब्बा खुर्ची टाकून बसायचे. सूर्य गेला की स्टेशनच्या बाजूने वटवाघळं निघत आणि नेमकी त्याच वेळी तुरुमतीची जोडी बाहेर पडे. शिकार दोघं मिळून करत. एक खालून वटवाघळाला उठवायचा, दुसरी वरून पडायची. अजानची वाट बघताना आकाशाकडे डोळे लावून बसलेले आम्ही, आणि वर तेही रोजा सोडायच्या घाईत असल्यासारखे. अब्बांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, तर ते विचारायचे, “मिळालं का?” भाचा सांगायचा.

या महिन्यात चाचांनी गलोल ठेवून दिली. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण वहीत ते सापडतं. पिल्लं असताना ही जोडी टॉवरच्या आसपास दुसरा शिकारी पक्षी येऊ देत नाही. घार आली, हाकलली. कावळे आले, हाकलले. आणि चाचांच्या छोट्या पिलांवर दरवर्षी टपणारा शिकरा आला, त्याला तर दोघांनी मिळून रेल्वे लाईनच्या पलीकडे नेऊन सोडलं. तीन आठवड्यांत चाचांचं एकही कबुतर गेलं नाही. त्यानंतर टॉवरच्या दुरुस्तीला माणूस आला तेव्हा त्याला चहा पाजून, वर न चढता खालचं काम करून जा, पुढच्या महिन्यात ये, असं समजावणारे चाचाच होते. तो भला माणूस ऐकून गेला.

मार्चच्या मध्यानंतर वहीत एक ओळ आहे: “आज दोनच.” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “दोनच.” टॉवरखाली शोधलं, काही मिळालं नाही. ससाण्यांच्या जातीत हे नेहमीचं आहे. बहिरीच्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. भाषणातल्या शाहीनला ही आकडेवारी कोणी जोडत नाही.

उरलेली दोघं पिसांनी भरली. अंगावरचा पांढरा कापूस उडून तारांना चिकटायचा. आधी ती घरट्यात उभी राहून पंख मारत, पाय मात्र काटक्या घट्ट धरून. मग घरट्यातून निघून लोखंडी पट्टीवर चालायला लागली, दोन पावलं पुढे, एक मागे. या दिवसांत आई-बाप एक गोष्ट करतात, ती बहुधा ढकलून देण्याच्या गोष्टीचं मूळ असावी. शिकार घेऊन येतात, पण घरट्यात ठेवत नाहीत. समोरून उडत जातात, थोड्या अंतरावर बसतात, पिल्लं कडेवर येऊन आकांत करतात. पण कोणी कोणाला ढकलत नाही. संध्याकाळी पिल्लू तिथेच असलं तर खाणं तिथे पोचतं.

भाईजानला मी हे मुद्दाम गच्चीवर बोलावून दाखवलं. त्याच्या मनात मुलाला एखाद्या ओळखीच्या ठेकेदाराबरोबर कुठे तरी लांब पाठवून द्यायचं होतं. ढकलल्याशिवाय तो उठणार नाही, शाहीन पण असंच करतो, असं तो म्हणायचा. तो बराच वेळ दुर्बीण धरून उभा राहिला. मग म्हणाला, “हा तर उपाशी ठेवून बोलावतो.” मी म्हटलं, “संध्याकाळपर्यंत थांब.” तो थांबला नाही, त्याला दुकानात जायचं होतं. पण रात्री जेवताना त्याने पोराला विचारलं, “दिलं का मग शेवटी?” दोन महिन्यांत त्याने त्याला भरतीखेरीज विचारलेली ती पहिली गोष्ट असावी.

थोरलं पिल्लू शुक्रवारी, २८ तारखेला उडालं, आणि सरळ उडालं. टॉवरवरून पाण्याच्या टाकीपर्यंत, मग तिथून परत. धाकटं रविवारी निघालं. त्या दिवशी ३० मार्च होता, गुढीपाडवा आणि एकोणतिसावा रोजा एकाच दिवशी. सकाळपासून गल्लीतल्या निम्म्या घरांवर गुढ्या होत्या, संध्याकाळी उरलेल्या निम्म्या घरांची माणसं चंद्र बघायला गच्चीवर चढणार होती. धाकट्याने याहून वाईट दिवस निवडला नसता. दुपारी वाऱ्याच्या झोताबरोबर ते पट्टीवरून सुटलं, पंख मारले, पण वर जाण्याऐवजी खाली खाली येत गेलं आणि घरांच्या मागे दिसेनासं झालं. आई-बाप दोघंही ओरडत त्या बाजूला घिरट्या घालत होते.

सूर्य मावळायच्या आधी शेजारच्या वहिनी गुढी उतरवायला वर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “अहो भाभी, वर या लवकर, कठड्याखाली कसलं तरी पिल्लू बसलंय!” आम्ही पोचेपर्यंत सात-आठ मुलं जमली होती. एकाने खोकं आणलं होतं, एकाने दूध. वहिनींची मांजर जिन्यात होती. पिल्लू कोपऱ्यात पाठ लावून, पंख थोडे पसरून, चोच उघडून बसलं होतं. एवढंसं, पण नजर अशी की खोकंवाला पोरगा दोन हात लांबच थांबला.

चाचा आले. त्यांनी आधी मांजर खाली न्यायला लावली, दूध परत पाठवलं. मग पिल्लाकडे बघत बसले. पंख दोन्ही सारखे आहेत का, पाय टेकतं का. म्हणाले, “चोट नहीं है. घबराया है, बस.” त्यांनी वहिनींना विचारून गुढीचंच उतरवलेलं कापड घेतलं नाही, स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल टाकला, पिल्लाला त्यात हलकेच धरलं आणि जिन्याच्या छपरावर, गच्चीतल्या सगळ्यात उंच जागी नेऊन ठेवलं. “आता सगळे खाली. मां देख रही है.” खोक्यात घालून घरी नेलं असतं तर ते बहुधा वाचलं नसतं. उंचावर ठेवलं, माणसं दूर झाली, की आई-बाप त्याला शोधून खाऊ घालतात. चाचांना हे कबुतरांमुळे माहीत असेल, नाही तर चाळीस वर्षांत बघून बघून.

त्यामुळे वहिनींच्या गच्चीवर पिल्लू आणि आमच्या गच्चीवर दोन्ही घरांची माणसं, अशी ती संध्याकाळ झाली. चंद्र दिसला, मुबारकबाद झाल्या, खाली शेवया-खुर्म्याची तयारी सुरू झाली. भाचा वर राहिला. अंधार पडताना मादी आली, पायात काही तरी होतं, छपरावर उतरली. त्याने खाली येऊन फक्त अब्बांना सांगितलं, “मिळालं.”

ईदच्या दिवशी दुपारी धाकटं टाकीवर होतं.

मला सगळ्यात जास्त आवडला तो पुढचा महिना, ज्याबद्दल कोणी भाषणं करत नाही. पिल्लं उडाली म्हणजे काम झालं असं आपण समजतो. एप्रिलभर ती दोघं उडत होती आणि तरी एकही शिकार त्यांना येत नव्हती. आई-बाप आणत, आता मात्र बसून न देता हवेत देत. चेटवा वरून शिकार सोडायचा, पिल्लाने खाली ती पकडायची. सुटली तर तो स्वतःच झेप घेऊन ती पुन्हा पकडायचा आणि पुन्हा वर जायचा. बाकी वेळ दोघं भावंडं एकमेकांचा पाठलाग करत, वाऱ्यावर उडणारी पिशवी पकडत, चाचांच्या कबुतरांवर खोटे सूर मारत. चाचा शिव्या देत, पण खुर्ची तिकडेच तोंड करून टाकत. एप्रिलच्या शेवटी धाकट्याने एक चतुर पकडला. वहीत त्या पानावर वेळ लिहिलेली आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत.

मेच्या मध्यावर टॉवर रिकामा झाला. जूनमध्ये कावळे आले आणि त्याच घरट्यातल्या तारा उपसून शेजारच्या कोपऱ्यात नवं घरटं बांधायला लागले.

भाचा जुलैपासून माझ्याकडे शिरूरला आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिस म्हणून लागला, बसने जातो-येतो. शनिवारी रात्री कपड्यांची पिशवी घेऊन दौंडला पळतो आणि सोमवारी डबा भरून परत येतो. भाईजान फोनवर त्याच्याशी बोलतो, थोडंसंच, पण बोलतो. भरतीचा तिसरा फॉर्म भरायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही आणि वही दोन्ही बाजूंनी संपत आली आहे.

या थंडीत बहिरी बघायला सगळ्यांनी भिगवणला जायचं ठरवलं आहे. उजनीच्या पाण्याकाठी बदकांच्या आणि पाणलाव्यांच्या मागे तो दर थंडीत येतो. अब्बांचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना आता लांबचंही दिसतं. चाचाही येणार आहेत. त्यांची एकच अट आहे, की त्या दिवशी गाडीत बसण्याआधी कबुतरं सगळी खुराड्यात बंद झाली पाहिजेत. काय सांगावं, म्हणतात, आपण तिकडे आणि तो इकडे.